मुळशीच्या गवतातला ब्रश कटर

ब्रश कटर हे पेट्रोलच्या छोट्या इंजिनावर चालणारे, पट्ट्याने खांद्याला अडकवून दोन्ही हातांनी झुलवायचे गवतकापणी यंत्र आहे. एका टोकाला इंजिन, मध्ये दीडेक मीटर लांबीची नळी आणि तिच्या आत फिरणारा दांडा, दुसऱ्या टोकाला गिअरची पेटी व तिच्याखाली नायलॉनचा दोरा किंवा पोलादी पाते, एवढाच त्याचा पसारा. मुळशी तालुक्यात सगळे त्याला ग्रास कटर म्हणतात. गणपती-नवरात्राच्या दिवसांत पिरंगुट-पौडपासून कोळवण खोऱ्यापर्यंत त्याची घरघर थांबत नाही.

हे यंत्र इथे इतके रुजले ते पावसामुळे. तालुक्याच्या पूर्वेकडून घाटमाथ्याकडे जावे तसा पाऊस पटींनी वाढतो. २५ जुलै २०२४च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात वर्षभरात पडणाऱ्या सरासरी पावसाच्या तो सुमारे तीन-चतुर्थांश होता. जूनच्या आरंभी उघडीबोडकी दिसणारी जमीन ऑगस्टअखेर कमरेएवढ्या गवतात बुडते. पूर्वी हे गवत विळ्याने कापून, पेंढ्या बांधून गुरांसाठी साठवले जाई. आता बऱ्याच जमिनींचे तुकडे पडून तिथे फार्महाऊस, आमराया आणि बंगल्यांच्या बागा झाल्या आहेत, गुरे घटली आहेत, आणि गवत कापायची वेळ येते तेव्हा गावातली माणसे भातकापणीत अडकलेली असतात. तरीही चाऱ्यासाठी कापायचे असेल तर विळाच बरा. नायलॉनच्या दोऱ्याने गवताचा भुगा होतो, पेंढी बांधता येत नाही.

दोऱ्याने गवत कापण्याची कल्पना अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातल्या जॉर्ज बॅलस यांची. १९७१च्या सुमारास मोटारी धुण्याच्या यंत्रातले फिरते ब्रश पाहून त्यांना ती सुचली. लाह्यांच्या रिकाम्या डब्याला भोके पाडून त्यांनी त्यात मासेमारीचा दोरा ओवला आणि डबा फिरवून पाहिला. वेगाने फिरणारा मऊ दोरा ताठ होतो आणि पात्यासारखा कापतो, हे तत्त्व आजही तसेच आहे. कोवळ्या आणि मध्यम गवताला दोरा पुरतो, जाड काडीच्या गवताला तीन दातांचे पाते लागते, आणि घाणेरीसारख्या लाकडी झुडपाला ऐंशी दातांची गोल करवत. दोऱ्याने घाणेरी तोडायचा हट्ट धरला तर दोरा संपतो आणि क्लच जळतो, घाणेरी मात्र उभी राहते.

कापणीच्या वेळेचे महत्त्व यंत्राच्या ताकदीहून जास्त. टाकळा शेंगांवर येण्याआधी, गाजरगवत फुलण्याआधी आणि गवताला कुसळे धरण्याआधी पहिली कापणी झाली पाहिजे, म्हणजे ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबर. बी पडल्यावर यंत्र फिरवणे म्हणजे फुकटची पेरणी. दुसरी कापणी पाऊस सरल्यावर, गवत पुरते वाळण्याआधी. फेब्रुवारीपासून डोंगरउतारांवर वणवे लागतात, आणि घराभोवती व बागेच्या कडेने काही मीटर रुंदीचा पट्टा साफ असेल तर आग तिथे थबकते. कापलेले वाळके गवत त्याच पट्ट्यात पडून राहिले तर मेहनत वाया जाते. ते उचलून झाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरावे, पण घराजवळच्या झाडांना नको.

रानमोडीचे गणित वेगळे आहे. ती कापली की बुडातून पुन्हा फुटते, आणि दरवर्षी कापत राहिले तर बुंधा तेवढा जाड होत जातो. जमीन ओली असताना ती मुळासकट उपटणे हाच इलाज. गाजरगवताची भारतातली पहिली ठळक नोंद पुण्यातलीच, १९५५ सालची. त्याचा रस आणि परागकण यांची अनेकांना ॲलर्जी होते. फिरता दोरा हा रस अंगावर शिंपडतो, त्यामुळे पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडाला फडके नसेल तर संध्याकाळपर्यंत अंगावर चट्टे उठू शकतात.

बागेत या यंत्राने होणारे सर्वांत मोठे नुकसान सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. नव्याने लावलेल्या आंब्या-चिकूच्या बुंध्याशी गवत कापताना दोरा सालीला लागतो. झाडात तयार झालेले अन्न मुळांकडे नेणारा थर सालीतच असतो. बुंध्याभोवती साल गोल सोलली गेली की मुळांची उपासमार होते आणि रोप काही महिन्यांनी वाळते, तेव्हा दोष वाळवीवर किंवा उन्हावर जातो. रोपाभोवतीची फूटभर जागा खुरप्यानेच काढावी. त्या जागेत यंत्र नेऊच नये.

यंत्राचा फिरता भाग वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो आणि कचरा डावीकडे फेकतो. म्हणून उभे गवत उजव्या हाताला ठेवून उजवीकडून डावीकडे झुलवत जायचे. पाते लावलेले असताना त्याचा पुढचा उजवा भाग दगडावर किंवा खुंटावर आदळला तर यंत्र जोरात उसळते. मुळशीच्या माळावर गवतात दडलेल्या दगडांना तोटा नाही, म्हणून आधी जागा फिरून पाहणे गरजेचे. उडालेला खडा डोळा घालवू शकतो. चष्मा, गमबूट आणि कानाला संरक्षण हवे, आणि पंधरा मीटरच्या आत दुसरे कुणी नको. घोणस, फुरसे, नाग, मण्यार हे चारही विषारी साप या भागात आढळतात. कापलेल्या गवताचा ढीग हाताने नव्हे, दाताळ्याने ओढावा.

ओले गवत अडकते म्हणून दोऱ्यावरचे संरक्षक कवच काढून टाकायची सवय सर्रास दिसते. ती वाईट आहे. कवचाला असलेली छोटी सुरी दोरा ठरावीक लांबीवर छाटत असते. ती गेली की दोरा लांबतो, इंजिनावर ताण येतो आणि ते तापते. जुना दोरा सुकून ठिसूळ होतो, तो वापरण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवला की पुन्हा लवचीक होतो.

इंजिने दोन प्रकारची. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलातच ऑइल मिसळायचे असते. ५०:१ प्रमाण सांगितले असेल तर लिटरला २० मिलिलिटर, २५:१ असेल तर ४० मिलिलिटर. अंदाजाने ओतलेले ऑइल कमी पडले की पिस्टन धरतो. फोर-स्ट्रोकमध्ये, उदाहरणार्थ होंडाच्या ३५.८ सीसीच्या जीएक्स३५ इंजिनात, ऑइल वेगळे भरायचे असते. ते वजनाला थोडे जड, पण पेट्रोल कमी पिते, आणि मिश्रण चुकण्याचा प्रश्नच येत नाही. हवेचा फिल्टर रोज झटकावा आणि गिअरच्या पेटीत ठरल्या वेळी ग्रीस भरावे. इंजिन मंद चालत असताना खालचा दोरा किंवा पाते फिरत असेल तर मंदगती जास्त ठेवली गेली आहे. ती कमी केल्याशिवाय काम सुरू करू नये.

मुळशीत हे यंत्र वापराने कमी आणि पडून राहिल्याने जास्त बिघडते. ते वर्षातले जेमतेम चार महिने चालते. उरलेले आठ महिने टाकीत पेट्रोल तसेच राहते. आजच्या पेट्रोलात इथेनॉल असते, ते हवेतली ओल शोषते आणि कार्ब्युरेटरच्या बारीक वाटा चिकट गाळाने बुजतात. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करावी, मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्ब्युरेटर कोरडा करावा, पाते पुसून त्यावर तेलाचा हात फिरवावा आणि यंत्र कोरड्या जागी टांगून ठेवावे.

एवढे करायची तयारी नसलेल्या, फक्त शनिवार-रविवारी येणाऱ्या आणि पाच-दहा गुंठे जागा असलेल्या मालकाने यंत्र विकत घेऊ नये. सप्टेंबरात एकदा आणि ऑक्टोबरअखेर एकदा, स्वतःचे यंत्र घेऊन येणाऱ्या गावातल्या माणसाला बोलवावे. त्याला आधीच सांगून ठेवावे, कारण त्या आठवड्यांत तो मोकळा मिळत नाही.