आधी खेळा, मग बोला!

गेमवरचे परदेशी वाद आता गारगोटीतल्या पोरांच्या मोबाइलवरही येऊन धडकतात. बाजू घेण्याआधी एवढं माहीत हवं :

■ २००८ : ‘फॉलआउट ३’मधल्या दोन डोक्यांच्या गाईचं नाव ‘ब्राह्मिन’. सांस्कृतिक संवेदनशीलतेचं मोघम कारण देत मायक्रोसॉफ्टने गेम भारतात आणला नाही.

■ २०२० : पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी’ आला. भावाला शोधणारी मुलगी, कथा सांगणारे दुर्गा आणि विष्णू. आपली संस्कृती आपणच मांडली.

■ २०२४ : ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’मध्ये कृष्णवर्णीय सामुराई यासुके दिसताच ‘हा इतिहास नव्हे’ म्हणत गदारोळ; गेम आला मार्च २०२५ मध्ये. यासुके १५८१-८२ मध्ये जपानी सरदार ओदा नोबुनागाच्या पदरी होता, ही मात्र इतिहासातली नोंद.

खेळाडूंनो, राग जरूर यावा; पण खेळून, वाचून!