तक्रार नसतानाची तपासणी

इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला वयाच्या 14व्या वर्षापासून, दरवर्षी एकदा, फॅमिली डॉक्टरकडे नखशिखांत तपासणी करून घेण्याचा हक्क आहे. पैसे पडत नाहीत. काही दुखायला-खुपायलाही लागत नाही, आणि या योजनेचं सगळं मर्म इथेच आहे. एरवी दवाखाना रुग्णाच्या तक्रारीवर चालतो. ‘काय होतंय?’ हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न. ज्याला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, त्याचा आजार शोधायला कुणीतरी आपणहून जावं लागतं.

तसं कुणी गेलं नाही तर काय होतं, हे तिथल्या लोकांनी मोजून पाहिलं. मेनकॅप या संस्थेने 2007 साली बौद्धिक अक्षमता असलेल्या सहा जणांच्या मृत्यूंचा अहवाल काढला आणि त्याला ‘डेथ बाय इंडिफरन्स’ असं नाव दिलं. बेपर्वाईने झालेले मृत्यू. त्यानंतर सर जोनाथन मायकेल यांनी स्वतंत्र चौकशी केली, तिचा अहवाल 2008 साली आला, आणि इंग्लंडमधल्या डॉक्टरांना वार्षिक तपासणीसाठी वेगळं मानधन देणंही तेव्हाच सुरू झालं. पुढे ब्रिस्टल विद्यापीठाच्या चौकशीत 247 मृत्यू एकेक करून तपासले गेले. 2013 साली प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्ष असा होता: बौद्धिक अक्षमता असलेले पुरुष इतरांच्या तुलनेत 13 वर्षं आधी जातात, आणि स्त्रिया 20 वर्षं आधी. ही तफावत अजून मिटलेली नाही. वेळेवर प्रतिबंध किंवा उपचार झाले असते तर टळले असते अशा मृत्यूंचं प्रमाण 2022 साली या लोकांमध्ये 42 टक्के होतं, सर्वसाधारण लोकसंख्येत 22 टक्के.

कशाने जातात ही माणसं? न्यूमोनियाने, गिळताना अन्न श्वासनलिकेत गेल्याने, फिट्सने. आणि बद्धकोष्ठतेने. हा शेवटचा शब्द वाचून कुणाला नवल वाटेल. पण 2012 साली सफोकमधला डाउन सिंड्रोम असलेला 33 वर्षांचा तरुण याच कारणाने गेला. हे घडतं कसं, ते पाहा. हालचाल कमी, पाणी कमी, त्यात मानसिक आजाराच्या नाहीतर फिट्सच्या गोळ्या, ज्यांतल्या कित्येकींनी आतडी मंदावतात. पोट फुगतं, दुखतं. सांगता येत नाही, म्हणून असा माणूस ताट ढकलतो, हात चावून घेतो, रात्री ओरडत बसतो. घरचे म्हणतात, हल्ली फार हट्टी झालाय. डॉक्टर म्हणतात, अशा मुलांचं असं चालायचंच. मग शांत करायची आणखी एक गोळी सुरू होते आणि आतडी आणखी मंदावतात.

दुखणं स्वभावाच्या खात्यात जमा होणं, हा या माणसांच्या वाट्याला आलेला सगळ्यात मोठा अन्याय आहे, असं मला वाटतं. ही काही मोजक्या घरांची गोष्ट नाही. 2015 साली इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याचा अंदाज होता की तिथले 30 ते 35 हजार बौद्धिक दिव्यांग प्रौढ योग्य कारण नसताना रोज मानसिक आजाराची औषधं घेतात. पुढच्याच वर्षी ही औषधं कमी करण्याची मोहीम सुरू झाली. वार्षिक तपासणीत औषधांची यादी उघडून ‘ही गोळी कुणी, कधी आणि कशासाठी सुरू केली?’ असं विचारलं जातं, ते यासाठीच.

नीट झालेल्या तपासणीला अर्धा-पाऊण तास लागतो, कधी तासभर. तयारी त्याआधीच सुरू होते. सोप्या वाक्यांचं, चित्रांचं पत्र घरी येतं. गर्दीचा, आवाजाचा त्रास होत असेल तर दिवसाची पहिली वेळ मागून घेता येते, कारण दिव्यांगांसाठी अशी सोय करून देणं 2010च्या समानता कायद्याने बंधनकारक आहे. मनोविकारतज्ज्ञ शीला हॉलिन्स यांनी तर अशा लोकांसाठी शब्दांविना, नुसत्या चित्रांची पुस्तकं काढली. डॉक्टरकडे काय काय होतं, ते आधी घरीच बघून ठेवता येतं. ब्लडप्रेशरचा पट्टा आधी हातात देतात, मग दंडावर बांधतात. वजन मागच्या वर्षीच्या वजनाशी ताडून बघतात. संडास कशी होते, जेवताना ठसका लागतो का, झोप कशी आहे, हे विचारतात. कानात डोकावतात, कारण ‘ऐकतच नाही’ अशी तक्रार असलेल्या माणसाच्या कानात कधीकधी नुसता मळ साचलेला असतो. शेवटी पुढच्या वर्षभरात कोणी काय करायचं याचा कागद हातात मिळतो. तो कागद मिळाला नाही, किंवा मिळूनही कपाटात गेला, तर तपासणी झाली न झाली सारखीच.

आपल्याकडे याचा अर्धा रस्ता झालेला आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 साली पालघरमध्ये झाली. अंगणवाडीपासून शाळेपर्यंत पथकं स्वतः जाऊन मुलांना तपासतात. पण ती वयाच्या 18 वर्षांपर्यंतच. त्यानंतर विशेष शाळाही सुटते, आणि पुढची तीस-चाळीस वर्षं तब्येतीची सगळी नोंद एकट्या आईच्या डोक्यात राहते. मुलगा कान धरतो म्हणजे दाढ दुखतेय, हे तिला कळतं. तिच्यानंतर भावाला, वहिनीला, वसतिगृहातल्या ताईंना ते कोण सांगणार?

राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वयाची अट न घालता वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण देते. आजारी नसलेल्या दिव्यांगाची नियमित तपासणीही त्यात बसते. म्हणजे पैशाची वाट निदान काही प्रमाणात मोकळी आहे. जिल्हा रुग्णालयांनी महिन्यातली एक सकाळ, रांगेविना, या प्रौढांसाठी राखून ठेवली तर नवं खातं उघडायचीही गरज नाही.

तोवर घरच्यांनी वाढदिवसाचा महिना तपासणीसाठी धरून ठेवावा आणि एक वही करावी. वजन, औषधं, फिट्सच्या तारखा, संडासची सवय, आणि दुखत असताना तो किंवा ती नेमकं काय करते, एवढं त्यात असावं. डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी, कान आणि डोळे आधी घ्यावेत; चाळिशीनंतर विसरभोळेपणा किंवा अंगवळणी पडलेली कामं सुटणं दिसलं तर तेही लिहावं, कारण या लोकांना अल्झायमर लवकर गाठतो. फिट्सची औषधं वर्षानुवर्षं चालू असतील तर हाडांबद्दल विचारावं, आणि गोळी फेनिटॉइनची असेल तर हिरड्या दाखवून घ्याव्यात.