कोणतं बी कुणाच्या घरी?

गटाच्या बचतीचा हिशेब आपण दर महिन्याला लिहितो. आज दुसऱ्या एका ठेवीबद्दल बोलायचं आहे, घरच्या बियाण्याबद्दल.

आम्ही अकोले तालुक्यात, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या वाड्यापाड्यांवर गटांचं काम करतो. अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. भाताची खाचरं त्याच्या कितीतरी आधीची. अभयारण्यातली जनावरं मोजली जातात. शेतातली वाणं कोण मोजणार? म्हणून आम्हीच बसलो.

सुरुवात चुकलीच. कागद घेऊन आम्ही पारावर गेलो आणि पुरुषांना विचारलं. त्यांनी दुकानातल्या पिशव्यांवरची नावं सांगितली. खोटं नव्हतं ते, बियाणं विकत आणायला तेच जातात. पण राखेत घोळून गाडग्यात ठेवलेलं बी बाईच्या हाताखाली असतं. मग बायकांच्या बैठकीत विचारलं. नावांची रांगच लागली: काळभात, जिरवेल, रायभोग, कोळपी, टामकूड, आंबेमोहर. "सगळं आहे आमच्याकडं!" आम्ही पुढचा प्रश्न टाकला, "यंदा कुणी कुणी पेरलं?" तेव्हा सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

नाव तोंडात असणं वेगळं आणि बी शेतात असणं वेगळं. हा फरक दिसावा म्हणूनच नकाशा काढायचा.

काढायला सोपा आहे. सारवलेल्या अंगणात रांगोळीने गाव काढा: ओढा, खाचरं, वरचा माळ, डोंगराची कड, घरं. मग ज्या घरात जे बी आहे, त्याची चिमूट त्या घरावर ठेवा. जिथे पेरलं, त्या जागेवरही ठेवा. आमच्याकडे लगेच दिसलं की पाणी साचतं तिथे गरवं भात, वरच्या उथळ खाचरात हळवं. हळवं दसऱ्याच्या सुमारास हाती येतं, गरव्याला दिवाळी उलटते. माळावर पहिल्या वर्षी नागली, मग वरई, मग खुरासणी आणि पुढे जमीन पडीक, अशी जुनी रीत. म्हणजे एकाच जातीचं बी सगळ्या गावाला कधीच पुरणार नाही. पाऊस लवकर सरला तर हळवं हाती लागतं, लांबला तर गरवं.

नंतर शेजारीच मोठा चौकोन आखून त्याचे चार भाग करा. पुष्कळ घरं आणि पुष्कळ जमीन, हा पहिला. पुष्कळ घरं पण थोडी थोडी जमीन, हा दुसरा. परसातला वाल, घेवडा बहुधा इथे येतो. मोजकी घरं पण मोठी जमीन, हा तिसरा. मोजकी घरं आणि इवलीशी जमीन, हा चौथा. प्रत्येक वाणाची चिमूट आपापल्या भागात ठेवायची. घरं आणि जमीन दोन्ही का बघायची? एकाच घरी दोन एकर असलेलं वाण भरपूर वाटतं, पण त्या घराने एक वर्ष पेरलं नाही की संपलं. चौथ्या भागातल्या वाणांची काळजी सगळ्यांत आधी.

नावांचा घोळ मात्र होतो. एका पाड्यावरचं वाण पलीकडच्या पाड्यावर दुसऱ्याच नावाने निघतं, आम्ही एक वाण दोनदा मोजलं होतं. आता लोंब्या आणायला सांगतो. टरफलाचा रंग, कुसळ आहे की नाही, दाण्याचा आकार, शिजल्यावरचा वास, किती दिवसांत पिकतं, हे जुळलं तरच एक धरायचं.

एका बैठकीत एका ताईंनी रोखठोक विचारलं, "हे लिहून वनखात्याला देणार का? मग जमिनीचं काय?" अभयारण्यात राहणाऱ्या बाईचा हा प्रश्न रास्तच आहे. तेव्हापासून घरांची नावं फक्त गटाच्या वहीत असतात. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते, २००२ च्या कायद्याने. तिच्यात वाणाचं नाव नि गुण नोंदवायचे ते ग्रामसभेत वाचून, सगळ्यांच्या संमतीनेच. आणि २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, देण्याघेण्याचा आणि विकायचाही हक्क आहे. फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

आमच्या चौथ्या भागात एक लाल भात निघालं. एकाच घरी, एका आजींच्या मडक्यात. बाळंतिणीच्या पेजेसाठी त्या ते राखत. गुडघे धरले, मुलगा पिशवीचं बी लावायला लागला आणि दोन पावसाळे ते पेरलंच गेलं नाही. नागलीचं बी दम धरतं, भाताची उगवण मात्र झपाट्याने घटते. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले. आठव्या दिवशी उघडलं तर एकतीस उगवलेले. आजी म्हणाल्या, "अजून जीव हाय त्याच्यात." खरं सांगायचं तर आम्हाला धडकी भरली होती. आणखी एक वर्ष गेलं असतं तर?

उगवण कमी म्हणून बी दाट टाकलं, आणि एकाच घरी न ठेवता तीन पाड्यांवर तीन बायकांनी लावलं. अट एकच: घेतलं त्याच्या दुप्पट गटाला परत. आपल्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती अशाच गावठी बियांच्या राखणीसाठी. त्यांनीही सुरुवात घरातूनच केली.

तीनपैकी एक खाचर रानडुकरांनी लोळवलं. दोन हाती आली. आजींच्या मडक्यात पहिली पायली गेली, बाकीचं गटाच्या कोठीत आहे.

धूळवाफेची पेरणी जवळ आली आहे. त्याआधीच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातलं असेल ते बी चिमूटभर, पदरात बांधून आणा.