जाखडीला खळं आणि ख्यालाला बैठक का लागते?

भाट्ये म्हटलं की किनारा, सुरूचं बन आणि नारळ संशोधन केंद्र आठवतं. काजळी नदीच्या मुखावरचा पूल ओलांडला की रत्नागिरी शहर, आणि तिथल्या टेकडीवर थिबा राजवाडा. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो इथेच वारला. आज त्याच राजवाड्याच्या आवारात 'आर्ट सर्कल' ही संस्था शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरवते.

म्हणजे थंडीत इथे ख्याल ऐकायला मिळतो, आणि त्याआधी गणपतीत रत्नागिरीच्या गावागावांत जाखडी रंगलेली असते. दोन्हींचे श्रोते सहसा वेगळे. पण दोन्हींची गरज एकच आहे : ऐकणारा हाताच्या अंतरावर हवा.

जाखडीत गाणारे आणि ढोलकी-झांजवाले मध्ये बसतात. नाचणारे पायात चाळ बांधून त्यांच्याभोवती गोल फिरतात. प्रेक्षक त्या रिंगणाला खेटून. शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष असतात. एक शक्तीला मोठं म्हणतो, दुसरा शिवाला, आणि गाण्यातूनच सवाल-जवाब होतात. सवाल नीट ऐकू आला नाही तर जवाबाची गंमत काय राहणार? घरापुढच्या खळ्यात ती अडचण येत नाही.

ख्यालाचंही तसंच. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा पूर्ण व्हायला कधी कधी मिनीटभर लागतं. तेवढा वेळ गायक आलापी करतो, तबलजी ठेका धरून असतो आणि जाणता श्रोता समेची वाट पाहतो. सम नेमकी आली की 'वा!' निघते आणि त्या दादेवर गायक पुढची जागा घेतो. पाश्चात्त्य 'चेंबर म्युझिक'चा अर्थही खोलीतलं संगीत असाच. तिथे मोजके वादक संचालकाशिवाय एकमेकांकडे बघून वाजवतात. फरक इतकाच, की त्यांच्यासमोर स्वरलिपी असते. आपल्याकडे पुढच्या आवर्तनात काय होणार हे गायकालाही पुरतं ठाऊक नसतं.

मग मायक्रोफोन आला. त्याचा फायदा मोठा झाला : हजारो लोकांना एकाच वेळी गाणं ऐकता आलं. पुण्यात १९५३ पासून होणारा सवाई गंधर्व महोत्सव हे त्याचं उदाहरण. पण शेवटच्या रांगेतली दाद मंचापर्यंत पोचत नाही. त्यात ध्वनियोजना बिघडली की गायकाला स्वतःचा तानपुराही ऐकू येईना होतो.

लोककलावंतांची अडचण याच्या उलट. मुंबईतल्या चाकरमान्यांनी शक्ती-तुरा आणि नमन नाट्यगृहात नेलं, कारण चाळीत खळं कुठून आणणार! परळचं दामोदर नाट्यगृह हा त्यांचा हक्काचा मंच होता. ते २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. परवडणारा मंच गेला की तिकिटावर उभा राहणारा प्रयोगही जातो. गावातली गणपतीची बारी तेवढी चालू राहते. ती तिकिटावर नाही, घरमालकाच्या मानधनावर चालते.

शास्त्रीय गायकांनी मोठ्या सभागृहावर एक साधी युक्ती काढली आहे. मंचावर आल्या आल्या कित्येक जण विनंती करतात : प्रेक्षागृहातले दिवे थोडे लावा, समोरचे चेहरे दिसू द्या.