दोरीच्या अलीकडे

बेलापूर म्हटलं की लोकांना नवी मुंबई आठवते. आमचं बेलापूर प्रवरेकाठचं, श्रीरामपूर तालुक्यातलं. श्रीरामपूरच्या रेल्वे स्टेशनला नाव आमच्या गावाचं, पण गाडीतून उतरल्यावर गावात यायला रिक्षाच धरावी लागते. त्या घोळाची गंमत आता पुरे. २०२० साली सहाय्यक फौजदार म्हणून निवृत्त झालो तेव्हापासून मी गावातच आहे. त्याआधीची छत्तीस वर्षं जिल्हा पोलिसांत गेली.

त्यातली निम्मी तरी बंदोबस्तात. शनिअमावास्येला शिंगणापूर, रामनवमीला शिर्डी, सप्टेंबरात हरेगावची मतमाउलीची यात्रा. उरलेले दिवस मोर्चांचे. ऊसदराचा, दूधदराचा, साखर कामगारांचा, अंगणवाडीच्या बायांचा. कुणाच्या घोषणा कशा सुरू होतात आणि कुठल्या ओळीला आवाज चढतो, हे मला पाठ होतं. उन्हात दोरी धरून उभं राहायचं आणि ऐकायचं. अंगणवाडीच्या एका ताईंनी एकदा पाण्याची बाटली देताना विचारलं, “दादा, तुमची युनियन कोणती?” शेजारचा शिपाई हसला. मी म्हणालो, “आमची नसते.”

का नसते, हे मला पुष्कळ उशिरा वाचायला मिळालं. राज्यघटनेच्या ३३व्या कलमाने संसदेला मुभा दिली आहे की लष्कर, पोलीस अशा दलांतल्या माणसांचे मूलभूत हक्क कमी करता येतील. त्या आधारावर डिसेंबर १९६६ मध्ये पोलीस दलांच्या हक्कांवर बंधन घालणारा कायदा झाला. तेव्हा देशाचे गृहमंत्री आपले यशवंतराव चव्हाण होते. सरकारच्या परवानगीशिवाय पोलिसाने कामगार संघटनेचा सभासद व्हायचं नाही, मागणीच्या सभेत-मोर्चात जायचं नाही, वर्तमानपत्राला काही कळवायचं नाही. मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. निव्वळ सामाजिक, करमणुकीच्या किंवा धार्मिक मंडळाला मात्र हरकत नाही. म्हणजे ठाण्यात गणपती बसवता येतो, त्याच मांडवात साप्ताहिक सुट्टीवर बोलता येत नाही.

कायद्यातला ‘परवानगीशिवाय’ हा शब्द मात्र महत्त्वाचा, कारण परवानगी मिळू शकते. केरळात पोलिसांची मान्यताप्राप्त संघटना आहे. आणि नव्या पोरांना हे खरं वाटत नाही, पण महाराष्ट्रातही होती.

माझा चुलतभाऊ तेव्हा मुंबई पोलिसांत शिपाई होता. १९८२ साल. जानेवारीपासून गिरण्यांचा संप चाललेला, दत्ता सामंतांचा. पोलिसांच्या संघटनेचं सरकारशी बिनसलं आणि १५ ऑगस्टला शिपायांनी काळ्या फिती लावल्या. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते. १८ ऑगस्टला सरकारने संघटनेची मान्यता काढून घेतली, पुढाऱ्यांना अटक झाली. शहर पेटलं, गिरणी कामगारही रस्त्यावर आले. ज्यांनी दंगल आवरायची तेच रस्त्यावर, म्हणून लष्कर आणि केंद्रीय दलं बोलावावी लागली. पुढे किती जणांच्या नोकऱ्या गेल्या याची भाऊ बोटं मोजायचा आणि मध्येच थांबायचा. त्याची नोकरी राहिली. पण त्यानंतर तो कुठल्याही कागदावर सही करताना दोनदा वाचायचा, किराण्याच्या उधारीच्या वहीवरसुद्धा.

मी १९८४ ला भरती झालो, म्हणजे हे ताजं असताना. प्रशिक्षणात उस्ताद कवायत शिकवायचे, बंदूक शिकवायचे. ‘संघटना’ हा शब्द कुणी काढला तर मैदानाला एक चक्कर जादा.

आता एक बाजू मी पोलीस म्हणूनच सांगतो. दंगलीत बंदूकधारी माणूस संपावर गेला तर गावाने कुणाकडे बघायचं? संपाचा हक्क मला कधीच पटला नाही, आजही पटत नाही. पण संप करणं वेगळं आणि गाऱ्हाणं सांगणं वेगळं. इंग्लंडात १९१८ आणि १९१९ मध्ये पोलिसांनी संप केले. सरकारने कायदा करून संप आणि युनियन बंद केली, पण त्याच कायद्याने पोलीस फेडरेशन दिलं. संप नाही, मात्र पगार आणि कामाच्या अटींवर बोलायला अधिकृत जागा. आपण त्यातला पहिला अर्धा भाग घेतला.

आपल्याकडे गाऱ्हाण्याची जागा म्हणजे साहेबांचा दरबार. शेपन्नास जण सावधानमध्ये बसलेले, साहेब विचारतात, “कुणाला काही अडचण?” आणि ज्याच्याबद्दल अडचण तो पहिल्या रांगेत. मी नवा असताना अकरा महिने एका अधिकाऱ्याच्या मुलीला शिकवणीला नेऊन सोडत होतो. डायरीत नोंद ‘सरकारी कामी रवाना’. दरबारात हे सांगणार कोण? पोलिसांसाठी नेमलेल्या धर्मवीर आयोगाने १९७९ च्या पहिल्याच अहवालात शिपायांचे तास, घरं, ही घरगड्याची कामं आणि गाऱ्हाणी ऐकण्याची व्यवस्था यांवर लिहून ठेवलंय. अहवाल मी निवृत्तीनंतर वाचला. आमच्या ठाण्याचा हजेरीमास्तरच लिहायला बसलाय असं वाटलं.

दार बंद असलं की माणूस खिडकी शोधतो. पहिली खिडकी बायकांची. पोलीस लाइनीत पाणी नाही, घराचं छत गळतं, तर निवेदन घेऊन त्या जातात. नवऱ्याला बंदी आहे, बायकोला नाही. मग ‘पोलीस बॉइज’ म्हणवणाऱ्या मुलांच्या संघटना निघाल्या. कुणी मॅटमध्ये, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरणात जातं. आणि सगळ्यांत मोठी खिडकी पतसंस्थेची! सहकाराच्या जिल्ह्यात पोलिसाला मत मागायची आणि द्यायची ही एकच जागा. पॅनेल पडतात, जेवणावळी होतात, बिनविरोधसाठी मध्यस्थ फिरतात. कर्जाचा व्याजदर हा विषय नावापुरता. वर्षभराची सगळी वाफ तिथे निघते.

तरी काही बदललं, हे कबूल. २०१६ मध्ये दत्ता पडसलगीकर मुंबईचे आयुक्त असताना देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, तो एका शिपायाने कागदावर गणित मांडून दाखवला म्हणून. २०२२ मध्ये पोलीस नाईक हे पद रद्द झालं आणि बढतीची एक पायरी वाचली. किरकोळ रजा बाराच्या वीस झाल्या. मिळाल्या तर.

शेजारच्या गावचे एक पोलीस पाटील माझ्याकडे चहाला येतात. त्यांच्या पदात ‘पोलीस’ आहे, पण नेमणूक प्रांताधिकाऱ्यांची आणि पगार नव्हे, मानधन. त्यांना संघ आहे, अधिवेशनं आहेत, मोर्चे आहेत. मार्च २०२४ मध्ये सरकारने त्यांचं मानधन साडेसहा हजारांवरून पंधरा हजार केलं, तेव्हा पेढे घेऊन आले. म्हणाले, “फौजदार, तुम्ही आमच्या मोर्चाला दोरी धरली होती, हा तुमचा वाटा.”

पण मला आठवतो तो त्याच्या आदल्या वर्षीचा मार्च. १४ मार्च २०२३ ला राज्यातले सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, २० तारखेला संप मागे घेतला गेला. माझा पुतण्या २०११ चा शिपाई, त्याची बायको जिल्हा परिषदेची शिक्षिका. नोव्हेंबर २००५ नंतर लागल्यामुळे जुनी पेन्शन दोघांनाही नाही. ती दोरीच्या पलीकडे घोषणा देत होती, हा अलीकडे काठी घेऊन. दुपारी तिने डबा दोरीवरून दिला. रात्री घरी त्याने एवढंच विचारलं, “मिळाली तर आम्हालाही मिळेल का गं?”

हा लेख द्यायच्या आधी त्याला वाचून दाखवला. त्याने त्याच्या ठाण्याचं नाव आणि एका साहेबांबद्दलची दोन वाक्यं काढायला लावली. काढली.