औंधच्या डोंगरावरील चित्रशाळा

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील औंध येथे यमाईच्या दर्शनासाठी मूळपीठाचा डोंगर चढू लागले, की वाटेत श्री भवानी चित्रसंग्रहालयाची इमारत लागते. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली हे संग्रहालय उभारले. मुंबई-बडोद्यासारख्या शहरांत शोभावा असा संग्रह त्यांनी एका खेड्यात, तोही देवीच्या वाटेवर आणून ठेवला. पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, महात्मा गांधींच्या सल्ल्याने त्यांनी संस्थानचा कारभार ग्रामपंचायतींच्या पायावर रचून प्रजेच्या हाती सोपविला. ही दोन्ही कार्ये एकाच वृत्तीतून घडली, असे म्हणावयास हरकत नसावी.

बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, कीर्तनकारही होते. वेरूळवर १९२९ साली व अजिंठ्यावर १९३२ साली त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केले. संग्रहात त्यांची जाणती नजर दिसते, ती यामुळेच. वरून येणाऱ्या नैसर्गिक प्रकाशात चित्रे पाहता यावीत, अशी दालनांची रचना आहे.

येथील राजा रविवर्मा यांची तैलचित्रे विशेष प्रसिद्ध आहेत. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. तो पुढे मळवलीस हलविण्यात आला. त्या छापील चित्रांतील लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. परंतु छापील प्रतीत न येणारा रंगांचा थर, जरीच्या काठावरील कुंचल्याचा फटकारा, सावलीतील त्वचेचा वर्ण हे सारे मूळ चित्रासमोर उभे राहिल्यावरच उमगते. याच संग्रहात लघुचित्रे आहेत, हस्तिदंती व लाकडी कोरीव काम आहे आणि विख्यात इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे माता व बालकाचे शिल्पही आहे. त्यात नाकडोळ्यांचा रेखीवपणा शोधणारा प्रेक्षक प्रथम गोंधळतो, हे खरे. पण मुले अशा आकारापुढे मोठ्यांइतकी बुजत नाहीत.

१९४८ साली संस्थान विलीन झाले. आज हे संग्रहालय राज्य शासनाच्या व्यवस्थेखाली आहे. जलरंगातील चित्रे व लघुचित्रे तीव्र प्रकाशाने फिकी पडतात आणि गेलेला रंग परत येत नाही. म्हणून चित्राला हात लावू नये, झगझगीत प्रकाशात छायाचित्र घेऊ नये, ही बंधने पाळलीच पाहिजेत.

खेद याचा वाटतो, की देवदर्शनाची सहल पुष्कळदा या दारावरूनच पुढे निघून जाते. आत गेलेल्या मुलांनाही रांगेने फिरवून तासाभरात बाहेर काढण्यात येते. शिक्षकांनी आधी स्वतः जाऊन तीन-चारच कलाकृती निवडाव्यात. रविवर्म्यांची एखादी स्त्रीप्रतिमा व मूर यांची माता एकाच दिवशी दाखवून दोहोंतील फरक मुलांनाच सांगू द्यावा. शाळेत परतल्यावर लक्षात राहिलेले चित्र काढण्यास सांगावे. खटाव-माणच्या अवर्षणप्रवण भागातील वाड्यावस्त्यांवरून औंधपर्यंतचे गाडीभाडे पालकांना जड जाते. ग्रामपंचायतीने वर्षातून एकदा तेवढा भार उचलल्यास त्या मुलांनाही मूळ चित्रे पाहावयास मिळतील.