गॅरेजमधली सभा

५ मार्च १९७५. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, मेन्लो पार्क येथील एका गॅरेजमध्ये तीसेक हौशी मंडळी ‘अल्टेअर ८८००’ हा नवा संगणक पाहायला जमली. हाच होमब्रू कॉम्प्युटर क्लब. पुढे त्याच्या सभांना एक पद्धत पडली. आधी एकेकाने उभे राहून आपल्याजवळ काय आहे, कुठे अडले आहे ते सांगायचे. मग ज्याने त्याने हवा तो माणूस गाठायचा. स्टीव्ह वॉझ्नियाकने आपल्या संगणकाचा आराखडा इथेच फुकट वाटला. १९७६ मध्ये तोच ‘ॲपल-१’ म्हणून विक्रीला आला. या पद्धतीला संगणक लागत नाही. तुमच्या विज्ञान मंडळात भाषणानंतर वीस मिनिटे राखून पाहा. ‘माझे इथे अडले आहे’ हे चारचौघांत सांगता आले, की उत्तर माहीत असलेला सोबती सापडतोच!